पडद्यावरचे नाटे, फाईलमधले नाटे

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील नाटे हे खाडीच्या मुखाशी वसलेले गाव. मासेमारी आणि आंब्याची बागायत हे येथील मुख्य व्यवसाय. शेजारी यशवंतगड, पलीकडच्या काठाला जैतापूर आणि मागे जांभ्याचा उघडा सडा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. पण जांभा खडक सच्छिद्र असल्याने मुरलेले पाणी उताराकडे लवकर निघून जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ दाखवू लागतात. हे नेमके कसे घडते ते मुलांनी स्वतः मोजून पाहावे, या हेतूने या परिसरातील माझ्या एका शिक्षकमित्राने काही विद्यार्थ्यांना कामाला लावले. पाच विहिरी निवडल्या. ऑक्टोबर ते मे, दर रविवारी, खुणा केलेला दोर सोडून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे आणि संगणकावरच्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, लिहायचे. आठ महिन्यांत पावणेदोनशेच्या घरात मोजमापे जमली.

ती फाईल आलेख काढण्यासाठी माझ्याकडे आली. माझा आलेखाचा प्रोग्रॅम फक्त साधा मजकूर वाचतो. मी सवयीने तक्ता उघडला, 'सीएसव्ही' म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला मजकूर हा पर्याय निवडला, पडद्यावर आलेली सूचना न वाचता बंद केली आणि आलेख काढून पाठवून दिले. आठवड्याने नववीतील एका मुलीचा प्रश्न आला: "सर, पिवळे आकडे कुठे गेले?"

मुलांनी ज्या दिवशी मोजण्याआधी विहिरीवरचा पंप चालला होता, त्या दिवसाच्या आकड्यांना पिवळा रंग दिला होता. हा रंग शोभेसाठी नव्हता. 'हा आकडा जपून वापरा' असा तो इशारा होता. मजकुराच्या फाईलमध्ये रंगाला जागा नसते. इशारा गेला आणि पंपाने उपसलेले पाणी माझ्या आलेखात उन्हाळ्याच्या खात्यावर जमा झाले. आणखी शोध घेतल्यावर दुसरी चूक सापडली. तक्त्यात आकडे एक दशांश स्थळापर्यंत दिसतील अशी योजना होती. मुलांनी ४.२७, ४.३१ आणि ४.३४ मीटर असे लागोपाठच्या तीन रविवारी लिहिले होते. पडद्यावर तिन्ही वेळा ४.३ दिसत होते. रूपांतर करताना प्रोग्रॅमने जे दिसते तेच मजकुरात उतरवले. पाण्याची सात सेंटिमीटरची उतरण नाहीशी झाली आणि विहीर तीन आठवडे स्थिर असल्याचा निष्कर्ष मी काढून बसलो. तिसरी चूक तर मला हसू आणणारी होती. पाच विहिरींची पाच पाने होती. मजकुरात उतरले फक्त त्या वेळी उघडे असलेले एकच पान. बाकीची पाने मी एकेक करून पुन्हा उतरवली म्हणून वाचली.

ही चूक माझी, हे उघड आहे. पण पंचवीस वर्षे मोजमापांत घालवलेल्या माणसाकडून ती इतक्या सहज होते, तेव्हा साधनाचीही झडती घ्यायला हवी. या लेखात ती घ्यायची आहे.

तक्त्याचे गुण

आधी न्याय. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिझिकॅल्क' हा पहिला लोकप्रिय तक्ता-प्रोग्रॅम बाजारात आणला. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतात, ही त्यातील करामत होती. १९८३ साली 'लोटस १-२-३' आणि १९८५ साली मॅकिंटॉश संगणकासाठी 'एक्सेल' आले. प्रोग्रॅमिंगचा एक अक्षरही न शिकलेला माणूस या साधनामुळे हिशेब, आलेख आणि सरासरी करू लागला. शाळेचा निकालपत्रकाचा तक्ता करणाऱ्या शिक्षकाला याचे मोल सांगायला नको. तक्ता हे विचार करण्याचे उत्तम साधन आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. विचार करण्याचे साधन आणि नोंद जपण्याचे साधन या दोन गोष्टी भिन्न आहेत. फळ्यावर गणित सोडवणे उत्तम. पण फळा हे दप्तर नव्हे. आपण मात्र तक्त्याच्या फाईललाच दप्तर मानू लागलो आहोत.

तक्त्याच्या फाईलमध्ये असते तरी काय? २००७ पासूनची एक्सेल फाईल ही प्रत्यक्षात अनेक लहान फाइलींचे दाबून बांधलेले गाठोडे असते. ती साध्या मजकूर-संपादकात उघडली तर पहिली दोन अक्षरे 'पी' आणि 'के' दिसतात. गाठोडे बांधण्याची ही पद्धत रूढ करणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे. त्यापुढे सगळा अगम्य कचरा. गाठोडे सोडवले की आत एका फाईलमध्ये आकडे, दुसरीत शब्द, तिसरीत रंग व आकार असा संसार मांडलेला दिसतो. त्यापूर्वीच्या फाइली तर पूर्णपणे यंत्राच्याच भाषेत असत. अशी फाईल वाचायला विशिष्ट प्रोग्रॅम लागतो आणि प्रोग्रॅमला आयुष्य असते. एके काळी घराघरांत आणि कचेऱ्यांत असलेल्या लोटस १-२-३ चा आधार आयबीएम कंपनीने २०१४ साली बंद केला. याउलट १९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतातील मजकूर आजही कोणताही संगणक वाचतो.

अतिहुशार नोकर

तक्ता-प्रोग्रॅमचा दुसरा दोष असा की, तो न विचारता अर्थ लावतो. कोकणात जमिनीला सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो. तो '१२/३' असा लिहितात. इंग्रजी अंकांत असा नंबर तक्त्यात टाकून पाहा. प्रोग्रॅम त्याचा १२ मार्च करील आणि संगणक अमेरिकन पद्धतीवर लावलेला असेल तर ३ डिसेंबर. 'इयत्ता ५-७' असे लिहायला जावे तर मुलांचा वर्ग जुलैत जातो. राजापूरचा दूरध्वनी संकेत ०२३५३ लिहिला तर पुढचे शून्य गळून २३५३ उरते. बारा अंकी आधार क्रमांक '१.२३ई+११' अशा रूपात दिसू लागतो आणि त्याच अवस्थेत मजकुरात उतरवला तर मूळ क्रमांक परत मिळण्याची सोय राहत नाही. त्याहून मोठे क्रमांक तर आधीच बिघडलेले असतात, कारण हा प्रोग्रॅम संख्येचे पहिले पंधरा अंकच लक्षात ठेवतो आणि पुढे शून्ये भरतो. समजा, विद्यार्थ्याचा क्रमांक चार अंकी वर्ष, अकरा अंकी यू-डायस क्रमांक आणि चार अंकी अनुक्रम असा मिळून एकोणीस अंकी केला, तर पंधरानंतरचे चार अंक म्हणजे नेमका अनुक्रम. म्हणजे त्या वर्षीच्या सर्व मुलांचा क्रमांक एकच होईल!

ही केवळ शाळेतील गंमत नाही. मानवी जनुकांपैकी काहींची लघुनावे 'सेप्ट-१', 'मार्च-१' या धर्तीची होती. एक्सेल त्यांचे सप्टेंबर आणि मार्चमधील दिवस करीत असे. २०१६ साली झीमन आणि सहकाऱ्यांनी नामांकित नियतकालिकांतील शोधनिबंधांसोबतचे जनुकांचे एक्सेल तक्ते तपासले, तेव्हा सुमारे एक पंचमांश निबंधांत असे बिघडलेले नाव सापडले. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. हे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. साधन माणसाच्या सोयीने बदलण्याआधी शास्त्राला साधनाच्या सोयीने बदलावे लागले. टीकेला याहून सबळ पुरावा कोणता हवा?

तारखांविषयी आणखी एक गोष्ट. एक्सेल तारीख म्हणून फक्त दिवसांचा क्रमांक साठवतो. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून १ जून २०२३ चा क्रमांक येतो ४५०७८. आता १९०० हे लीप वर्ष नव्हते, कारण शतकवर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. तरीही या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उगवलेला दिवस धरलेला आहे. लोटस १-२-३ मध्ये ही चूक होती आणि त्या फाइलींशी जुळवून घेण्यासाठी एक्सेलने ती जाणूनबुजून स्वीकारली. विद्यार्थ्यांना लीप वर्षाचा नियम शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे.

मराठीचा वेगळा घोळ

इथवरच्या अडचणी जगातल्या सर्वांच्या. मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला एक जादा अडचण आली आहे. १९९० च्या दशकात आपण संगणकावर देवनागरी आणली ती मुख्यतः फाँटच्या वाटेने. त्यात संगणकाच्या दृष्टीने साठवलेले अक्षर रोमनच असे. फक्त त्या अक्षराचे चित्र देवनागरी काढलेले असे. 'कृतिदेव' या फाँटमध्ये 'नाटे' लिहिले तर फाईलमध्ये जे साठते ते इंग्रजी यू, के, मोठा व्ही आणि एस. पडद्यावर नाटे, फाईलमध्ये यू-के-व्ही-एस! तक्ता असेपर्यंत हे गुपित झाकलेले राहते, कारण तक्ता फाँटचे नाव जपतो. साध्या मजकुरात रूपांतर केले की फाँटचे नाव गळते आणि गावांची नावे, मुलांची नावे, शेरे, सगळे रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग होऊन बसते. शिवाय कृतिदेवचा संकेत वेगळा, श्री-लिपीचा वेगळा. त्यामुळे फाँट कोणता होता हे ठाऊक नसेल तर ते कोडे सोडवणेही कठीण.

हे टाळता आले नसते का? भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठीचा 'इस्की' हा संकेत १९९१ साली प्रमाणित केला होता आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यावर आधारित साधने तयार केली होती. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीला स्वतःचे स्थान होते. म्हणजे अक्षराला अक्षराचाच क्रमांक देण्याचा मार्ग तेव्हाही उघडा होता. परंतु छपाई सुबक झाली की काम झाले, अशी आपली समजूत. कागदावर जे दिसते तेच आपण साठवले आहे, या भ्रमात आपण दोन दशके काढली. त्या काळातील कित्येक याद्या आणि अहवाल आज उघडतात, दिसतात. पण शोधता येत नाहीत आणि मोजता येत नाहीत.

युनिकोडमध्ये 'नाटे' म्हणजे चार चिन्हे: न, काना, ट आणि मात्रा. 'यूटीएफ-८' या पद्धतीने प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणून एकूण बारा. हा मजकूर कोणत्याही फाँटमध्ये नाटेच राहतो. तरीही धोका टळलेला नाही. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी तक्ता साध्या सीएसव्हीत उतरवला तर 'नाटे'च्या जागी चार प्रश्नचिन्हे येत. यूटीएफ-८ सीएसव्हीचा वेगळा पर्याय २०१६ च्या सुमारास आला. आणि उलट बाजूने, बरोबर साठवलेली मराठी फाईल चुकीचा संकेत गृहीत धरून उघडली तर दर तीन चिन्हांमागे एक, डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए' दिसू लागतो. यात फरक लक्षात घ्यावा. प्रश्नचिन्हे दिसली तर माहिती नष्ट झाली आहे. तिरक्या रेघेचे 'ए' दिसले तर माहिती शाबूत आहे, फक्त वाचणारा चुकला आहे. फाईल तशीच जतन न करता बंद करावी आणि संकेत सांगून पुन्हा उघडावी.

आकड्यांचेही असेच. देवनागरी १, २, ३ यांना युनिकोडमध्ये इंग्रजी अंकांहून निराळे क्रमांक आहेत. बरेच प्रोग्रॅम त्यांना संख्या न मानता अक्षरे मानतात आणि त्यांची बेरीज करीत नाहीत. लेखात मी देवनागरी अंक वापरले आहेत, कारण ते माणसांनी वाचायचे आहेत. मोजमापांच्या फाईलमध्ये मात्र संपूर्ण फाईलभर एकच अंकपद्धती ठेवावी आणि आज तरी ती इंग्रजी ठेवणे सोयीचे. यात भाषेचा अभिमान आड आणू नये.

मजकुराचे दोष

मग सगळे साध्या मजकुरात ठेवले की भागले का? तसे नाही. संगणकशास्त्रातील माझे काही मित्र साध्या मजकुराची भक्तीच करतात; ती मला पटत नाही. मजकुराच्या फाईलवर ती कोणत्या संकेतात आहे हे लिहिलेले नसते. हा आकडा मीटर की फूट, ही तारीख दिवस-महिना की महिना-दिवस, हेही तिला ठाऊक नसते. 'नाटे, ता. राजापूर' असे एका घरात लिहिले की त्यातला स्वल्पविराम रकाना तोडतो. '१,००,०००' लिहिले की एका लाखाचे तीन तुकडे होतात. अशा घरातील मजकूर अवतरणचिन्हांत घालावा हा संकेत सीएसव्ही कित्येक वर्षे वापरात असूनही २००५ साली कोठे नीट लिहून काढला गेला आणि तो सर्वजण पाळतात असेही नाही. सूत्रे तर पूर्ण जातात. उत्तर उरते, रीत पुसली जाते. गणिताच्या शिक्षकाला हे कसे चालेल?

आणि प्रवास उलटा असला तरी अपघात होतोच. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये करोना चाचण्यांचे निकाल साध्या मजकूर फाइलींतून येत होते आणि ते एक्सेलच्या जुन्या स्वरूपात भरले जात होते. त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ म्हणजे दोनाचा सोळावा घात, इतक्याच ओळी मावतात. त्यापुढचे रुग्ण मुकाट्याने गळाले. आठवडाभरात १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर झाली नाही आणि त्यांच्या संपर्कातील लोकांना सूचना द्यायला उशीर झाला. मजकूर निर्दोष होता. पाठवणाराही निर्दोष होता. पोहोचलेल्या ओळी मोजून पाहण्याचे काम कोणाचे, हे ठरलेले नव्हते.

म्हणून माझा आक्षेप तक्त्यावर किंवा मजकुरावर नाही. एका रूपातून दुसऱ्यात जाणे म्हणजे केवळ 'वेगळ्या नावाने जतन करणे' या समजुतीवर आहे. रूपांतर हे भाषांतरासारखे असते. त्यात काही राहते, काही जाते, आणि काय गेले हे पाहणे भाषांतरकाराचे काम असते.

एवढे का अडावे?

पाच विहिरी आणि काही मुले. त्यासाठी इतका ऊहापोह कशाला, असे कोणी विचारील. खाडीपलीकडे माडबन परिसरात सहा अणुभट्ट्यांचा प्रकल्प प्रस्तावित आहे. त्यावर या भागात तीव्र वाद झाले आहेत. तो व्हावा की न व्हावा हा या लेखाचा विषय नाही. पण कोणताही मोठा बदल एखाद्या परिसरात यायचा असतो, तेव्हा दोन्ही बाजूंना एका प्रश्नाला उत्तर द्यावे लागते: आधी काय होते? समुद्राचे तापमान किती होते, मासळी किती येत होती, विहिरीला पाणी किती होते? 'आधी'ची नोंद नंतर करता येत नाही. ती ज्यांनी केली असेल त्यांचीच असते. मग ते दोर घेऊन विहिरीवर गेलेले नववीतील विद्यार्थी का असेनात. ती नोंद वीस वर्षांनी कोणी उघडली आणि तिथे प्रश्नचिन्हे निघाली, किंवा एका दशांश स्थळाने उतरण झाकली, तर त्या रविवारांना काही अर्थ राहत नाही. २०१२ च्या राष्ट्रीय माहिती-धोरणाने सरकारी आकडे यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात खुले करण्याचे तत्त्व स्वीकारले. तेच तत्त्व शाळेने स्वतःच्या वहीला लावायला काय हरकत आहे?

करण्याजोगे फार नाही. काम तक्त्यात करावे. वर्षअखेरीस प्रत्येक पानाची यूटीएफ-८ मजकूर फाईल करून मूळ तक्त्यासोबत ठेवावी. उतरवण्यापूर्वी सर्व दशांश स्थळे उघडी करावीत. क्रमांकांचे रकाने आधीच 'मजकूर' म्हणून ठरवावेत. तारीख २०२३-०६-०१ अशी, वर्ष आधी, लिहावी. सोबत एक साधी चिठ्ठी असावी: कोणी मोजले, कशाने, कोणत्या एककात, रिकामे घर म्हणजे शून्य की मोजलेच नाही. आणि रूपांतरानंतर ओळी मोजाव्यात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दहा ओळींचा एक मराठी तक्ता करा. त्यात रंग, सूत्र, हिस्सा नंबर, शून्याने सुरू होणारा क्रमांक आणि स्वल्पविराम असलेला पत्ता मुद्दाम घाला. तो मजकुरात उतरवा, साध्या संपादकात उघडा आणि काय हरवले याची यादी मुलांना करू द्या. तासाभराचे काम आहे आणि त्याला खर्च शून्य.

त्या मुलीच्या प्रश्नाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तिने तक्त्यातील पिवळा रंग काढून टाकला आणि 'पंप' असा एक नवा रकाना केला. त्यात प्रत्येक ओळीपुढे 'हो' किंवा 'नाही' लिहिले. आता ती फाईल कोणत्याही रूपात न्या, पंप जागेवरच असतो. मी आलेख पुन्हा काढले. या वेळी उतरवण्यापूर्वी पडद्यावरची सूचनाही वाचली.